बुडालेल्या गावावर होडी चालवायला शिकवणारे नाना

नाना गेले. सांगून गेले असते तर मी जाऊच दिलं नसतं.

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे मलाही माहीत आहे. तरी मी शिडाच्या होडीची रेसर झाले, ती या एका हट्टी माणसामुळे.

नाना नेव्हीतून रिटायर होऊन माजलगावला परतले. धरणाच्या पाण्यात दोन जुन्या होड्या टाकल्या आणि आम्हा ऊसवाल्यांच्या पोरापोरींना शिकवायला लागले.

रेसमध्ये जिथून वळायचं, तिथं त्यांनी निळे पिंप तरंगत सोडले होते. प्रत्येक पिंपाला नाव. पार. मारुती. निजामाच्या काळातली शाळा.

कारण खाली खरंच ते सगळं होतं. धरणात गेलेलं आमचं आणि नानांचं गाव.

"मारुतीला डावीकडून घे! शाळंला धडकू नगं!" नाना काठावरून ओरडायचे.

आम्हाला नुसतं पाणी दिसायचं.

स्टेटच्या निवडीसाठी माझं नाव निघालं, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फॉर्मवर सही करायला साफ नकार दिला.

"ज्या पाण्यानं गाव गिळलं, त्यात पोरगी कावून घालू?"

गाव उठल्यापासून ते धरणाच्या काठालाही फिरकले नव्हते. आणि फॉर्म उद्याच द्यायचा होता. मी रडून रडून डोळे सुजवले.

नाना घरी आले. वाद घातला नाही. "एक चक्कर मार माझ्यासंगं. मंग खुशाल फाड फॉर्म," एवढंच म्हणाले.

दादा धोतर सावरत, लाईफ जॅकेट घालून होडीत बसले, मागोमाग मीही चढले. नानांनी सुकाणूचा दांडा सरळ त्यांच्या हातात दिला.

दादांनी बैलाचा कासरा ओढावा तसा तो डावीकडे ओढला. होडी गेली उजवीकडे.

"बैल न्हाई बे ती! उलटं धर!"

दादा शिव्या घालत होते, नाना हसत होते आणि मी नखशिखांत भिजले होते.

एका पिंपापाशी नानांनी शीड ढिलं सोडलं. होडी थांबली.

"ह्ये तुझं घर, गणपत."

दादांनी पाण्यात हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"रोज हितं येती ही?"

"रोज."

"येऊ द्या मंग."

काठावर उतरून त्यांनी ओल्या हातानंच सही केली.

त्या निवडीत मी खालून दुसरी आले. नानांनी तरी गल्लीत पेढे वाटले. पुढे मेडलं मिळाली, तेव्हा मात्र नुसतं "हं" म्हणाले. असा माणूस.

आज अंत्यविधीवरून परतताना कुणीतरी म्हणालं, आता क्लास बंदच पडणार. माझी नोकरी तर पुण्यात.

दादा म्हणाले, "बंद कावून पडंल? तू शनिवार-रविवार येत जा. बाकीचे दिवस मी बघतो."

"दादा, तुम्हाला होडीतलं काय येतं?"

"होडीतलं न्हाई येत. पण गाव तर ठाव हाय."

नाना, आम्हा बापलेकींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.