चढू न दिलेला आवाज

माझा आवाज काळाचौकीत प्रसिद्ध होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की समोरचे गप्प. आई म्हणायची, "ह्येका माईक कित्याक व्हयो?"

आता मी एका विमा कंपनीत तक्रार विभागाचा मुख्य आहे. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, काचेच्या केबिनमध्ये बसतो. क्लेम नाकारला की माणसं आमच्या पोरापोरींना आईबहिणीवरून शिव्या घालतात. पोरं रडायला लागली की कॉल माझ्याकडे येतो. मग मी म्हणायचं, "तुमचा त्रास मी समजू शकतो." कॉल रेकॉर्ड होतो. माझा आवाज चढला की मार्क कापले जातात, अख्ख्या टीमचे. मग काय, गिळायचं. वर त्या रडणाऱ्या पोरीला हसून सांगायचं, "चल, चहा घे." आणि मला कोण विचारणार? डोंबल! झोपेत इतके दात खायचो की दाढ झिजली. डेंटिस्ट म्हणाला, टेन्शन घेऊ नका. वा, काय शोध लावला!

त्यातच आईला परळच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाहेर बोलावलं आणि हात टेकले. रात्री धाकटा थांबायचा, सकाळी ऑफिसच्या आधी मी जाऊन बसायचो. एका सकाळी तिने विचारलं, "मी वाचतलंय मा रे?"

तिच्या कुशीत डोकं घालून ओरडावंसं वाटत होतं मला. आणि तोंडातून काय निघालं? "आई, तुझा त्रास मी समजू शकतो. आपण सगळे प्रयत्न करतोय." सपाट. गोड.

ती बघतच राहिली. "असो काय बोलतंस? माझ्या वांगडा भांड, रड, कायतरी कर."

हुंदका येईना. स्वतःचा भयंकर राग आला, तोही बाहेर पडेना. मी आपला तिचं पांघरूण सारखं करत राहिलो.

शेवटी तिनेच माझ्या हातावर थोपटलं. "जा बाबा. तुका हापिसाक उशीर होतलो."

आणि मी उठून गेलो.

दुपारी केबिनमध्ये धाकट्याचा फोन आला. "दादा, आई गेली रे," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. काचेपलीकडून टीम माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "कळवल्याबद्दल धन्यवाद."

त्याचं रडणं तिथेच थांबलं.