सिदोनीच्या अंगणातले धडे

कोको या रानभाजीच्या पानांची जुडी निम्मी चिरून झाली होती. उरलेली मांडीवर तशीच ठेवून सिदोनी आपलं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करत होती, "लेना, ही कोकोची पानं. केसासारखी बारीक चिरायची..."

तेवढ्यात कुंपणापलीकडून बार्थेलेमी गवंडी ओरडला, "बालाओ, सिदोनी! झोप लागली का? गुडघा काय म्हणतो?"

आमच्या बांगी शहरात नमस्काराला उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. सिदोनीनं उत्तरं दिली, त्याच्या सासूचीसुद्धा चौकशी केली आणि बिघडलेलं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. सकाळपासून कितव्यांदा, देव जाणे.

ही माझी शेजारीण. चर्चमध्ये गाताना माझ्याच बाजूला उभी असते. नवरा गेल्यावर नदीकाठी धुरावलेले मासे विकून तिनं मुलाला शिकवलं. तो फ्रान्सला गेला, तिकडचाच झाला. त्याची मुलगी लेना सुट्टीत पहिल्यांदाच येते आहे. नाताळात सिदोनी फोनवर तिच्याशी आमच्या सांगो भाषेत बोलली, तर पोरीनं फोन सरळ बापाच्या हातात दिला. सिदोनीचं फ्रेंच बाजारापुरतं.

"माझ्याच नातीशी बोलायला मी मध्ये दुभाषा बसवू?" तेव्हा ती म्हणाली होती.

मुलानं लेनाला सांगो शिकायचं पुस्तक आणून दिलं. परवा तिनं फोनवर त्यातली वाक्यं म्हणून दाखवली. सिदोनीनं कौतुक केलं, मग मला म्हणाली, "ही चर्चमधल्या सूचना वाचतेय गं. हिला माझ्याशी भांडता कसं येणार?"

म्हणून हे धडे. फोनमधलं मेमरी कार्ड मठातल्या सिस्टर आन्येसबरोबर फ्रान्सला पाठवायचं, आणि ती उद्याच निघते.

दुपारी सिदोनीनं ठरवलं, आता कुणाला ओ द्यायची नाही. दार ओढून आत बसली. माणसं हाका मारून गेली. थोड्या वेळानं बघते तर अंगणात चटया पसरलेल्या, बायका गोळा झालेल्या, एकीनं रडायला सूरही लावलेला. बार्थेलेमी खुर्च्या आणत होता.

सिदोनी बाहेर आली. "कोण गेलं?"

"तूच सांग! ओ देईनास, आम्हाला वाटलं मुलाची वाईट बातमी आली."

"तो धडधाकट आहे. रडणं थांबवा."

"मग तोंडात काय कोंबलं होतंस?" रडणारी चिडली.

सिदोनीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि फोन चटईच्या मधोमध ठेवला.

"आलाच आहात तर बसा. बार्थेलेमी, लेनाला नमस्कार कर. रोज करतोस तसाच. तिनं काय उत्तर द्यायचं ते मी सांगते. आणि शिव्या नकोत."

"शिव्या वगळल्या तर ती मला ओळखणार कशी?"

संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत हे चाललं. भाव करणं, रुसणं, पाहुण्याला जेवायचा आग्रह, सगळं झालं. मध्ये कोंबडा आरवला, रडणारी बाई खो खो हसली. सिदोनीनं काही पुसलं नाही. मी मनात देवाचे आभार मानले.

तिनं कार्ड काढून कमरेच्या कापडाच्या टोकात घट्ट बांधलं.

"मठात जाऊन हे सिस्टरच्या हातात देऊन येते," म्हणाली, आणि निघाली.