भर दुपारची फ्लॅशबाई

ती मूळची फोटो काढणारी नव्हेच. बारा वर्षं ती एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी काढलेले फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायची. भर उन्हातले फोटो आले की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. नाकाचा शेंडा पांढराफटक, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, हनुवटीखाली दाढी उगवल्यासारखी सावली. नवरी असो की निवृत्त होणारे हेडमास्तर, सगळे आठ दिवस झोपले नसल्यासारखे दिसायचे. एकेक चेहरा उजळायला वीस-वीस मिनिटं जायची.

"अहो, उन्हातसुद्धा फ्लॅश मारा ना," ती मालकांना सांगायची. "समोरून उजेड पडला की सावली भरून निघते. मग मला इथं डोळे उकरत बसावं लागत नाही."

"उन्हात फ्लॅश?" मालक हसायचे. "मग चांदण्यात काय, छत्री घेऊन जाऊ?"

शेवटी तिनं स्वतःच एक जुना कॅमेरा आणि फ्लॅश घेतला आणि दर रविवारी नवऱ्याला गच्चीवर उभं करून शिकली. नवरा टेम्पो चालवायचा. त्याची आठवड्याची एकुलती एक सुट्टी डोळे मिचकावण्यात जायची. पुढं मालकांचे गुडघे दुखायला लागले आणि बाहेरची कामं तिच्याकडे आली. तेव्हापासून तिचं नाव पडलं फ्लॅशबाई. कौतुकानं नव्हे.

अशात सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं. चाळीस कामगारांचे मोठे फोटो बाहेरच्या भिंतीवर लावायचे होते. वेळ मिळाली ती जेवणाच्या सुट्टीची, म्हणजे ऐन बाराची. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटची सावली थेट नाकापर्यंत.

तिनं पहिल्या कामगाराला पाठीवर ऊन घेऊन उभं केलं आणि सहा फुटांवरून फ्लॅश रोखला. तेवढ्यात मॅनेजर आले.

"हे काय? सूर्याकडे पाठ? तोंडावर उजेड नको का?"

"सूर्याकडे तोंड केलं की डोळे मिटतात, साहेब. तोंडावरचा उजेड मी देते."

फ्लॅश उडाला. पुढचा उडायला दहा सेकंद लागणार होते. उन्हाशी बरोबरी करायची तर त्याला पुरी ताकद लावावी लागते आणि मग दम खावा लागतो. मॅनेजर घड्याळ बघत होते.

"बाई, चाळीस माणसं आहेत. तो फ्लॅश ठेवा बाजूला. ऊन काय कमी पडलंय?"

तिनं स्टुडिओत फोन लावला. वाटलं, मालक तरी बाजू घेतील. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाशी वाद घालू नकोस."

दातओठ खात तिनं पहिल्यासकट बारा जणांचे फोटो फ्लॅशशिवाय काढले. तेराव्याला क्रेन चालवणारी बाई आली. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधीचे फोटो पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय, सगळ्यांना गॉगल लावलेत का? मला असला फोटो नको. दुसरी काही सोय असेल तर बघा."

मॅनेजर फोनवर बोलत लांब गेले होते. फ्लॅशबाईनं घाईघाईनं फ्लॅश चढवला, बटण दाबलं, आणि बघते तर अर्धा फोटो काळा! उन्हासाठी तिनं शटरचा वेग वाढवून ठेवला होता. तिचा फ्लॅश तेवढ्या वेगाला पुरत नव्हता. नवशिक्यासारखी चूक! तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, वेग खाली आणला, जास्त ऊन आत येऊ नये म्हणून लेन्सचं छिद्र बारीक केलं आणि पुन्हा फोटो काढला. क्रेनवाली पडद्यावर वाकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी रागीट नाहीये की!"

मग तिनंच मागच्यांना दटावलं, "साहेब काही म्हणोत, सगळ्यांनी असेच काढून घ्या." तिच्या मागच्या सत्तावीस जणांचे फोटो तसेच झाले. सुट्टी पाऊण तास लांबली. मॅनेजरनी मालकांकडे तक्रार केली आणि मालकांनी तिला सगळ्यांसमोर झापलं.

"मग त्या बाराजणांना पुन्हा बोलवा," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? बस आणि दुरुस्त कर."

चार दिवस ती मागच्या खोलीत बसून डोळे उजळत राहिली. सातव्या माणसाचे डोळे तर सापडेचनात. तिनं ते जवळजवळ नव्यानंच रंगवले. घरी आली की भांडी आपटायची. नवरा एकदा म्हणाला, "झालं ना काम? सोड की." त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

फोटो भिंतीवर लागले त्या दिवशी कारखान्यानं स्टुडिओलाही बोलावलं. मालक छाती काढून पुढं, ती मागं. फ्लॅशचे अठ्ठावीस चेहरे हेल्मेटखालून स्वच्छ बघत होते. क्रेनवाली स्वतःच्या फोटोखाली बहिणीला घेऊन उभी होती. मॅनेजर भिंतीशी सावकाश चालत गेले आणि सातव्या माणसापाशी थांबले.

"हा बघा. फ्लॅश नाही, काही नाही. काय बोलके डोळे आलेत! बाई, याला म्हणतात फोटो."

"साहेब, ते डोळे मी रंगवलेत," ती म्हणाली.

मॅनेजर खदखदून हसले. मालकही हसले. तिच्याखेरीज सगळ्यांना तो विनोद वाटला.