बांधावर कोण उभं होतं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. म्हणजे... पडली, पण उलटी होऊन पडली. सुलटी आज पहिल्यांदा सांगतेय, आणि तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर जमलं असतं? नसतंच जमलं. मला माझा स्वभाव माहीत आहे.

आधी काकूंबद्दल सांगू दे. माझी शाळा सातवीत सुटली. लग्न करून मी उमरग्याच्या बाजूच्या आमच्या गावातून बंगळूरला आले. नवरा होसकोट्याला कारखान्यात होता. वर्षभरात तो मला खोलीवर टाकून निघून गेला. कुणीतरी ओळखीनं मला शहरातच, एचएसआर भागात, एका मराठी काकूंकडे पोळ्यांना लावलं. काका सरकारी कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, घर मोठं, माणसं दोनच. काकूंनी गच्चीवरची खोली मला दिली. मला ताप आला तेव्हा स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून पेज घेऊन आल्या. अशा बाईशी कुणी खोटं बोलतं का? मी बोलले.

काकूंकडे महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, मराठी बायका पुस्तकं वाचायला जमायच्या. त्यात शारदाक्का होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलता बोलता कन्नड कधी सुरू व्हायचं ते त्यांनाही कळायचं नाही. एका रविवारी त्यांनी एक कन्नड कथा आणली होती. एकेक तुकडा वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. "स्वल्प थांबा हं, हा शब्द माझ्या आजीचा आहे," असं म्हणत अडायच्या, हसायच्या.

कथा एका विधवेची होती. बाईनं नांगर धरायचा नाही, धरला तर पाऊस गावावर रुसतो, असं त्या गावात मानतात. दीर तिचं शेत कसून देत नाही. मग ती एका सकाळी स्वतःच बैल जुंपते आणि सगळ्या गावादेखत नांगरते. शेवटी ती अर्ध्या शेतात आहे, अजून चालतेच आहे. तिथेच कथा संपते.

मी कांदेपोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होते. बश्या द्यायच्या विसरून ऐकत राहिले. का, ते कळेल तुम्हाला.

बायकांचं बोलणं सुरू झालं. काकूंना शेवट आवडला नव्हता. पुढं तिचं काय झालं ते लेखिकेनं सांगायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. शारदाक्का म्हणाल्या, पुढचं कळलं असतं तर आपण तिला विसरून गेलो असतो. महादेवपुऱ्याहून एक मुलगी यायची, मूळची पुण्याची, आयटीतली. ती म्हणाली, "मला हे जरा फिल्मी वाटलं हं. खऱ्या गावात असं कोण करतं? रिअ‍ॅलिटीत बाई गप्प बसते."

आणि मी म्हणाले, "करतात. आमच्याकडे केलंय."

इथपर्यंत खरं होतं. इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळ्या माझ्याकडे वळल्या. वर्षभर मी त्यांना चहा देत होते, त्यातल्या निम्म्या जणींना माझं नावही माहीत नव्हतं. काकूंनी विचारलं, "कुणी गं?"

मी म्हणाले, "मी."

खरं काय होतं ते आता ऐका. माझा मधला भाऊ वारला. थोरल्या दादाला त्याचं शेत हवं होतं, म्हणून तो ते कसत नव्हता आणि दुसऱ्या कुणाला कसू देत नव्हता. तेव्हा, आमच्याकडंही बाईला नांगराची बंदी असताना, वहिनीनं नांगर धरला. माझ्या वहिनीनं. मी तेव्हा सोळा वर्षांची, गावातल्या बायकांबरोबर बांधावर उभी होते. बैल नवखे होते, सारखे वाकडे जात होते. तिनं मला हाक मारली, "ये गं, नुसता कासरा धर. बाकीचं मी बघते." दोनदा मारली. मी खाली बघत राहिले. माझ्या शेजारची बाई हसली, तेव्हा मीही हसले... हो, हसले.

काकूंच्या दिवाणखान्यात मी हे सगळं सांगितलं. भाऊ वारला ते, दादा, नवखे बैल, सगळं जसंच्या तसं. फक्त माणसं बदलली. कुणीतरी विचारलं, "मग तुझी वहिनी कुठं होती?" आणि मी, एक क्षणसुद्धा न थांबता, म्हणाले, "ती बांधावर उभी होती. मी हाक मारली तर तिनं खाली बघितलं."

ती पुण्याची मुलगी उठून आली आणि माझे तळवे हातात घेऊन बघू लागली. पोळ्या लाटून लाटून पडलेले घट्टे होते ते. ती रडली. सॉरी म्हणाली मला. मी हात काढून घेतले का? नाही घेतले.

त्या दिवसापासून माझं नशीब उघडलं. काकू मला खुर्चीवर बसवू लागल्या. त्यांनी संध्याकाळी मला शिकवायला घेतलं, हे लिहितेय तेही त्यांच्याचमुळे. महिला दिनाला मराठी मंडळानं माझ्या हातात माईक दिला. शारदाक्का सगळ्यांना सांगायच्या, कथेतली बाई आमच्यात राहते. आणि काकू मला पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "तुझ्यासारखी आणखी कुणी अडचणीत असेल तर बेधडक घेऊन ये. वर दुसरी खाट आहेच."

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात वहिनीचा फोन आला.

आधी थट्टा केली, तिची सवयच ती. "तुझ्या पोळ्या खातात का गं ती माणसं? इथं तर नकाशे काढायचीस." मग सांगितलं. गिरणीवाला तिचं दळण घेत नव्हता. मळणीला कुणी येत नव्हतं. दादानं बैल सोडून नेले होते, आणि ती आडवी गेली तेव्हा मारलंही होतं. म्हणाली, "तुझ्याकडं येऊ का? भांडी घासीन, काहीही करीन. थोडे दिवस."

मी त्या दुसऱ्या खाटेवरच बसले होते. तिच्यावर मी माझ्या साड्यांच्या घड्या ठेवायची.

ती आली असती तर काय झालं असतं? काकूंनी तिला आत घेतलंच असतं. पण कोण म्हणून? बांधावर उभी राहिलेली म्हणून? किती दिवस? वहिनी बोलकी आहे. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं सांगितलं असतं. मग काकूंनी मला दार दाखवलं असतं. मला होसकोट्याची ती खोली आठवली.

म्हणाले, "जागा नाही गं इथं. काकू बाहेरचं माणूस ठेवत नाहीत."

काकूंच्या नावावर. ज्या पेज घेऊन जिना चढल्या त्यांच्या नावावर.

"बरं," वहिनी म्हणाली. "आपलं विचारलं."

महिन्याभरानं आईनं फोनवर सांगितलं, मोठ्या आनंदानं, की घर पुन्हा एक झालं. वहिनीनं शेत दादाला सोडलं. चावडीपुढं नांगरावर डोकं टेकून तिनं गावाची माफी मागितली. दादानं मन मोठं करून तिला गोठ्याशेजारची खोली दिली. मी म्हणाले, चांगलं झालं.

यंदा दादाच्या मुलीच्या लग्नाला गावी गेले. वहिनी मागच्या अंगणात पातेली घासत होती. पुढचे दोन दात नव्हते. ते कशानं गेले हे मी विचारलं नाही. तिनं माझा पदर चिमटीत धरून बघितला. "भारी आहे गं. काकूंनी दिली?"

मी मान डोलावली.

थोडा वेळ ती घासतच राहिली. मग वर न बघता, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "तिकडं जागा झाली का गं?"

सहा जणींचा वाचनगट माझ्या पाठीशी होता. काकू फोनवर एका शब्दात हो म्हणाल्या असत्या. संध्याकाळची गाडी होती.

मी म्हणाले, "नाही अजून."

मांडवातून जेवायला हाक आली. मी गेले, पंगतीत बसले आणि पोटभर जेवले.