थारोळ्यापर्यंतचे पाणी

आमच्या मळ्यातल्या विहिरीत उडीचे माप एकच होते: पाणी किती उंच उडाले. मोटेचे पाणी ज्यात पडते ते दगडी थारोळे काठावर होते. गुडघे छातीशी घेऊन मुटका मारणाऱ्याने ते भिजवले, तरच त्याची उडी खरी. हे माप माझ्या आत्याने ठरवले होते आणि त्यावर अपील नव्हते. राहुरीजवळच्या देवळालीच्या पंचक्रोशीत लुगड्याचा काष्टा मारून पोहणारी ती एकटीच. माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला प्रथम पाण्यात ढकलले तेही तिनेच.

नगरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकताना मला कळले, की स्पर्धेत फळीवरून सूर मारताना पाणी उडाले की गुण कापतात. विहिरीच्या पायरीवर बसून मी आत्याला कोन, वेग आणि पाण्याचा विरोध समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे पान्याला कळूच द्यायचं न्हाई, आपन आलो ते?"

"तसंच."

"मग जायचं कशाला?"

वडिलांची अट त्याहून सोपी होती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पोहणे चालू. नाही तर पोहण्याचा पोशाख ट्रंकेत आणि विषय बंद. निवड पुण्याच्या तलावावर होती. सोबतीला अर्थात आत्या.

पहिली शर्यत पोहण्याची. मी सर्वांच्या पुढे होते, असे माझे निरीक्षण आहे. पंचांचे वेगळे होते. गोल विहिरीत वर्षानुवर्षे कडेकडेने फेऱ्या मारलेल्या शरीराला सरळ रेषा माहीतच नव्हती. डावीकडे वळत वळत मी शेजारणीच्या पट्ट्यात शिरले आणि बाद झाले. वर्तुळाकार गतीची समीकरणे मला तोंडपाठ होती, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आता सगळे सुरांवर येऊन ठेपले. पहिले दोन बरे गेले, पण बरे पुरणारे नव्हते. शेवटच्या सुरासाठी फळीवर उभी राहिले, तेव्हा खालून ओळखीचा आवाज आला.

"मागं सरका बायांनो. आमची पोर लई पानी उडवती."

पुढच्या रांगेतल्या बायका खरोखरच उठल्या. आत्याने पदर खोचून घेतला. एक क्षण मला वाटले, गुडघे छातीशी घ्यावेत आणि आत्याचा शब्द राखावा. मग मी हात ताणले, हनुवटी आत घेतली आणि गेले. पाण्याखाली कानांत नुसती शांतता होती. वर आले तेव्हा आत्या शेजारणीला विचारत होती, "पडली का न्हाई अजून?"

यादीत माझे नाव शेवटचे होते, पण होते. राहुरीला एसटीतून उतरून आम्ही घर गाठले.

वडील ओट्यावर वाट पाहत बसले होते. "घेतली का?"

"घेतली," आत्या म्हणाली. "येवढ्या बाया मागं सरकवल्या, दादा, पन येकीचं लुगडं भिजलं न्हाई. तसल्या उडीला घेत्यात तिथं."

वडिलांनी माझ्या हातातल्या ओल्या पिशवीकडे पाहिले.

"मग वाळत घाल की ते कापड. ट्रंकेत कुजंल."