विहिरीवर बसलेली आत्या

आत्या लहानपणी तिच्या वडिलांचं बोट धरून नाशकात देवळाच्या दाराशी सत्याग्रहाला गेली होती. दार उघडलं नाही. पण मार बसला तरी हात उचलायचा नाही, हे ती तिथून शिकून आली. पुढे नवरा वारला आणि ती लासलगावजवळ आमच्या गावी, माझ्या वडिलांकडे परतली. मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतली विहीर आटली. गावविहिरीला पाणी होतं, पण आमच्या बायांनी लांब हंडे ठेवायचे आणि गावातल्या कुणा बाईला दया आली तर तिनं वरून ओतायचं, अशी रीत. एका सकाळी आत्या बायांना म्हणाली, "आजपासून मागायचं नाय. आपल्या हातानं काढायचं. ढकललं की तिथंच बसायचं. शिवी द्यायची नाय, हात उचलायचा नाय."

पंधरा-वीस बाया रोज जाऊन बसू लागल्या. प्यायला आम्ही पोरी नदीतल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडे भरून आणायचो.

तिसऱ्या आठवड्यात दगड आला. आत्याच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं. माझा थोरला भाऊ काठी घेऊन धावला.

"टाक ती काठी," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "तू मारलंस तर माझं रगात वाया जाईल."

त्यानं काठी टाकली आणि तिथंच ढसाढसा रडला.

शेवटी पोलीस घेऊन मामलेदार आले. त्यांच्यादेखत आत्यानं पोहरा सोडला, वर ओढला आणि पहिलं पाणी शेजारच्या गरवार बाईला पाजलं. मीही प्यायले. मचूळ होतं. आम्ही पोरी नाचत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. एका बागायतदारानं आपल्या मळ्यातली विहीर गावाला मोकळी करून दिली होती; आम्हाला सोडून. आत्या रिकाम्या काठावर बराच वेळ उभी राहिली. त्या हंगामात कांदा काढायला आमच्यातल्या एकाही बाईला बोलावणं आलं नाही. दोन वर्षांत अर्धी वस्ती उठली. भाऊ सातपूरच्या कारखान्यात लागला, त्याच्यामागे आम्ही सगळे नाशकात आलो. पुढे मला एका कचेरीत कारकुनी मिळाली.

दहाएक वर्षांनी गावानं आत्याला सत्काराला बोलावलं. मी बरोबर गेले. मंडप विहिरीशेजारीच घातला होता आणि विहीर काठोकाठ उकिरड्यानं भरलेली. शाल-नारळ झाल्यावर तिला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "पाण्यासाठी नव्हते मी बसले. पाणी झिऱ्यालाही होतं. मला तुमच्या बायांच्या शेजारी उभं राहून भरायचं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भरपूर वाजवल्या.

त्याच वर्षी मी कचेरीजवळ खोली शोधत होते. एका घरमालकीणबाईंनी खोली दाखवली, चहा दिला, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, विसरलेच. भाच्याला शब्द दिलाय." कप त्यांनी उचलला नाही, मीच मोरीत विसळून ठेवला.

घरी आत्याला सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल, उद्या चल माझ्याबरोबर म्हणेल. खरं तर त्या आशेनंच मी सांगितलं होतं.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. निघून आले."

"बरं केलंस, पोरी," ती म्हणाली. "बसून काय होतंय?"

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. नाशकातल्या आमच्या वस्तीतल्या सभांची बोलावणी यायची; "गुडघे दुखतात," म्हणून ती परत पाठवायची. गुडघे दुखत नव्हते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.