जन्नतचं टेबल आणि गोजराबाईंची म्हैस

जन्नत शिकलगारनं वडिलांची लोखंडकामाची शेड मोडली आणि तिथं ब्लाउज शिवायचं दुकान काढलं, ही बातमी नेऱ्यात पिठाच्या गिरणीवर निघाली आणि दुपारपर्यंत गावभर झाली. पुरावाही भक्कम होता. गळ्यात टेप अडकवून ती एकेका बाईला शेडमध्ये बोलवत होती आणि मापं घेत होती. एकदोघी तर कापड काखेत मारूनच पोचल्या. त्यातल्या एकीला जन्नतनं ताठ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि टेप कोपरापासून थेट जमिनीपर्यंत सोडला.

"अगं बया, एवढा लांब ब्लाउज?"

"ब्लाउज कुटला? टेबल! भाजी चिरायचं."

तर बातमी खोटी, आणि कापड फुकट आणलेलं. खरं असं होतं, की हिंजवडीच्या कंपन्यांना जेवण पुरवणारं एक मोठं स्वयंपाकघर नेऱ्याच्या शिवेवर आहे आणि गावातल्या निम्म्या बाया तिथं भाज्या चिरायला जातात. तिथली टेबलं सगळी एका उंचीची. उंच बाई त्यावर कमान होऊन चिरते, बुटकी खांदे कानाला लावून. जन्नत एकदा तिथं ट्रॉलीचं चाक बदलायला गेली आणि सुट्टीच्या वेळी बाहेर पडणाऱ्या बायांची रांग बघून थबकली. प्रत्येकीचा एक हात कमरेवर.

"बाई वाकती म्हंजी टेबल चुकलं," ती तिथंच म्हणाली. चाक बसवायच्या आधी.

ही बाई अशीच. आयटीआयला वेल्डिंग शिकली तेव्हा वर्गात एकटी मुलगी होती, आणि अजूनही सांगते की मास्तर तिला विचारून गुण द्यायचे. आपल्या हातून काही चुकेल ही शंका तिला आली तर ती दुसऱ्या कुणाची तरी असणार. नवरा मोईन तिच्या उलट, सावध. नांद्यापासून मारुंजीपर्यंत नव्या इमारती उठताहेत, खिडक्यांची ग्रिलं करावीत आणि दुपारी वामकुक्षी घ्यावी, एवढंच त्याचं स्वप्न.

"किचनवाल्यांची टेबलं करायचीत तर कर," तो म्हणाला. "पण पयलंच टेबल परत आलं तर शेडमदी फकस्त ग्रिल. पुन्ना किचनचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," जन्नत म्हणाली. इतक्या झटकन, की मोईनलाच धास्ती वाटली.

स्वयंपाकघराचे मॅनेजर किशोर. मूळचे पुण्याचे, त्यामुळे कांदासुद्धा शुद्ध बोलून मागवणारे. त्यांनीही अट घातली. "ताई, बायकांच्या कमरेचं तुम्ही बघा. मला कचरा कमी झालेला दिसला पाहिजे. निम्मा फ्लॉवर आमच्या ड्रममध्ये जातो. एक टेबल चालवून बघू. फरक पडला तर सगळी टेबलं तुमच्याकडून. नाही पडला तर हेही घेऊन जा."

टेबल झालं झकास. पाय स्क्रूचे, ज्या बाईला जेवढी हवी तेवढी उंची. पृष्ठभाग चिरणारीकडे किंचित उतरता. कडेला भोक, खाली ड्रम. साल, देठ तळहातानं नुसतं सरकवायचं, उचलायचं काम नाही. बटाट्याची साल कागदासारखी निघेल अशा पात्याचे पीलर साखळीनं अडकवलेले. गोजराबाईंना आधी उभं केलं, कारण त्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत तोंडाळ. दिवसभर चिरून त्या म्हणाल्या, "कंबर हाय का न्हाई त्येच कळंना आज!" एवढी तारीफ त्यांनी पोटच्या लेकाचीही कधी केली नव्हती.

आणि संध्याकाळी किशोररावांनी ड्रम काट्यावर ठेवला. कचरा होता तेवढाच.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायाही टेबलावर पाळीपाळीनं उभ्या राहिल्या, कचरा तेवढाच. तिसऱ्या दिवशी मूठभर जास्त. "आठवडाअखेरपर्यंत बघतो," किशोरराव म्हणाले, आणि मोईननं शेडमध्ये ग्रिलचे गज काढून पुसायला घेतले. मुद्दाम, जन्नतला दिसतील असे.

जन्नतनं पाती तपासली. धार उत्तम. भोक तपासलं. उतार तपासला. टेबलात खोट नव्हती, याची तिला तिसऱ्या दिवशीही खात्री होती. मग खोट कुठं, हे विचारायला ती गोजराबाईंच्या घरी गेली. गोजराबाई चहा टाकायला आत वळल्या आणि जन्नतची नजर गोठ्यात गेली. म्हैस गव्हाणीत तोंड घालून निवांत चघळत होती. फ्लॉवरचे तुरे. पांढरेशुभ्र, नीट सुटे केलेले. नुसती फोडणी द्यायची बाकी.

"मावशे, म्हशीला लगीनघरचं जेवान हाय जणू!"

गोजराबाई कप घेऊन बाहेर आल्या. लाजल्या वगैरे नाहीत. "मग? सांच्याला काटा झाला की ड्रममदनं चिरणारी आपली पिशवी भरती, बाई. पयल्या दिसापासनं. सायेबांनीच सांगितलंय, साल-देठ घरी न्या म्हून. आता तुज्या त्या पीलरनं सालच निगंना. पिशवी रिकामी घिऊन आले तर हिला काय घालू, तुजं टेबल?"

"म्हून तुमी सगळ्याजणी चांगले तुरे बी ड्रममदी सारताय."

"सगळ्याजणी. ज्यांच्या शेरडं हायेत त्या बी."

जन्नतनं चहा संपवला. दुसरं कुणी असतं तर थेट किशोररावांकडे गेलं असतं. तिनं विचारलं, "आन् ह्या पिशवीतलं सगळं खाती का ही?"

"कसली खाती! ड्रममदी चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं. रबर पोटात गेलं तर म्हस जायची. निम्मं निवडून उकिरड्यावर."

तिथंच जन्नतचं टेबल पुरं झालं. त्या रात्री ग्रिलचे गज मोईननं पुसले खरे, पण कापले जन्नतनं. आता भोकं दोन झाली. मोठं मटारच्या शेंगांना, फ्लॉवरच्या पानांना, कणसाच्या सोपटांना. त्याखाली जाळीच्या तळाची, चाकांवरची बादली, पाणी गळून जाईल आणि उचलावीही लागणार नाही अशी. लहान भोक चोथ्याला, टरफलांना, रबरांना. गोजराबाईंना ती म्हणाली, "मावशे, तुरा भाजीत, पान पिशवीत. निवडायचं काम न्हाई. म्हशीला कमी पडलं तर टेबल मी सोता उचलून नेते."

पहिल्याच संध्याकाळी गोजराबाईंची पिशवी गच्च भरली. नुसता पाला, कोरडा, स्वच्छ. उकिरड्यावर टाकायला त्यात काही नव्हतंच. मग तुरे कशाला चोरायचे? आठवडाअखेरीला किशोररावांनी वजन केलं, काटा पुसला, पुन्हा केलं. ड्रम आणि बादली मिळूनसुद्धा कचरा निम्म्यावर आला होता. दाराशी उभ्या मोईननं ग्रिलचा विषय मनातल्या मनात मिटवला.

पण मॅनेजर माणूस, काहीतरी बोलल्याशिवाय सही कशी करणार? ते टेबलाखाली वाकले, बादली पुढं-मागं सरकवून बघितली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे ताई, पण म्हशीच्या चाऱ्याची सोय करायचं आपलं काही ठरलं नव्हतं."

जन्नत म्हणाली, "न्हवतंच ठरलं सायेब, म्हून तर पयल्यांदा फसलं. बाकीची टेबलं कधी आणू, त्येवडं सांगा."